रसायनशास्त्र की औषधनिर्माणशास्त्र?



अंगात ताप भरला की घरात पहिल्यांदा शोधली जाते ती पॅरॅसिटॅमॉलची पांढरी गोळी. ती कोणी बनवली असेल? वर्गात हा प्रश्न विचारला तर निम्मी मुले म्हणतील, "रसायनशास्त्रज्ञाने", आणि उरलेली म्हणतील, "फार्मासिस्टने". गंमत अशी, की दोन्ही उत्तरे अर्धी बरोबर आहेत. गोळीचा अर्धा प्रवास एकाच्या हातून होतो आणि अर्धा दुसऱ्याच्या.

दहावीनंतर विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र आवडते, आणि औषधांचे क्षेत्रही खुणावत असते. मग घरात ठरते, "आधी बी.एससी. होऊ दे, फार्मसीचे नंतर पाहू." हे वाक्य वरवर शहाणपणाचे वाटते, पण त्यात तीन वर्षांची चूक दडलेली असू शकते. ती कशी, हे पाहण्यासाठी आपण त्या गोळीबरोबरच प्रवास करू या. प्रवास फार लांबचा नाही. तो बारामती–इंदापूरच्या उसाच्या फडातूनच सुरू होतो.

उसापासून भुकटीपर्यंत

माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही नावे या भागातील प्रत्येकाला साखर कारखान्यांमुळे ठाऊक आहेत. उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर शेवटी एक दाट, काळपट द्रव उरतो. ती मळी. एक टन उसामागे साधारण ४० किलो मळी निघते. तिच्यातही साखर असते, पण ती स्फटिकरूपाने काढणे परवडत नाही. म्हणून यीस्टच्या साहाय्याने मळी आंबवतात आणि तिच्यापासून अल्कोहोल मिळवतात.

अल्कोहोलचे ऑक्सिडीभवन केले की ॲसेटाल्डिहाइड मिळते. त्याचे पुन्हा ऑक्सिडीभवन केले की ॲसेटिक आम्ल. स्वयंपाकघरातील व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. ॲसेटिक आम्लाच्या दोन रेणूंतून पाण्याचा एक रेणू काढून घेतला, की ॲसेटिक ॲनहायड्राइड तयार होते. आज जगात बरेचसे ॲसेटिक आम्ल मिथेनॉलपासून बनते. परंतु ऊसपट्ट्यात अल्कोहोलचा मार्गही वापरला गेला आहे. नीरा स्टेशनजवळ, बारामती तालुक्यातील निंबूत येथे ॲसेटिक आम्लाच्या कुळातील रसायनांचा मोठा कारखाना आहे.

आता शेवटची पायरी. पॅरा-ॲमिनोफिनॉल नावाच्या संयुगाशी ॲसेटिक ॲनहायड्राइडची अभिक्रिया घडवली, की पॅरॅसिटॅमॉल तयार होते आणि सोबत ॲसेटिक आम्ल बाहेर पडते. रेणुभार मांडून पाहा :

पॅरा-ॲमिनोफिनॉल १०९ + ॲसेटिक ॲनहायड्राइड १०२ = पॅरॅसिटॅमॉल १५१ + ॲसेटिक आम्ल ६०

दोन्ही बाजूंची बेरीज २११ येते. म्हणजे १०९ ग्रॅम पॅरा-ॲमिनोफिनॉलपासून, काहीही वाया गेले नाही असे धरले तर, १५१ ग्रॅम पॅरॅसिटॅमॉल मिळेल. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम औषध असते. तेव्हा १५१ ग्रॅमच्या ३०२ गोळ्या होतील.

प्रत्यक्षात एवढे कधीच मिळत नाही. काही द्रव्य द्रावणात राहते, काही गाळताना जाते. शिवाय मिळालेल्या भुकटीत न बदललेले पॅरा-ॲमिनोफिनॉल थोडे जरी राहिले तरी चालत नाही, कारण ते शरीराला अपायकारक आहे. अभिक्रिया कोणत्या तापमानाला घडवावी, स्फटिक शुद्ध कसे करावेत, उरलेली अशुद्धी कशी मोजावी, हे सगळे प्रश्न रसायनशास्त्रज्ञाचे आहेत. बारामतीच्या शेजारी, दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची अशी मूळ द्रव्ये बनवणारे कारखाने आहेत.

भुकटीनंतरची गोष्ट

शुद्ध भुकटी हाती आली म्हणजे औषध तयार झाले का? नाही. अर्धा ग्रॅम भुकटी रोज घरोघरी कोण मोजून घेणार? तिची गोळी करायला हवी. नुसती भुकटी दाबली तर गोळी नीट बनत नाही. हातात घेताच तिचे तुकडे पडतात. म्हणून तिच्यात कण बांधून ठेवणारे पदार्थ, पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून स्टार्चसारखे पदार्थ आणि गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून थोडे वंगण घालावे लागते. गोळी प्रवासात टिकली पाहिजे आणि पोटात मात्र वेळेवर फुटली पाहिजे. या दोन परस्परविरुद्ध गोष्टी साधणे हे औषधनिर्माणशास्त्राचे काम.

त्यापुढचा प्रश्न शरीराचा. पॅरॅसिटॅमॉलचा बराचसा भाग यकृतात निरुपद्रवी संयुगांत बदलतो आणि लघवीवाटे बाहेर जातो. परंतु थोड्या भागाचे एका विषारी द्रव्यात रूपांतर होते. ग्लुटाथायोन नावाचे संयुग त्या विषाला लगेच निष्प्रभ करते. मात्रा फार झाली तर ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. म्हणूनच निरोगी प्रौढ माणसासाठीही २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा सांगितली जाते.

आता एक हिशेब पाहा. २० किलो वजनाच्या मुलाला डॉक्टरांनी दर किलोमागे १५ मिलिग्रॅम या प्रमाणात हे औषध सांगितले आहे असे समजा. एका वेळची मात्रा झाली ३०० मिलिग्रॅम. बाजारात या औषधाची दोन प्रकारची सिरपे मिळतात : एकात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात २५० मिलिग्रॅम. पहिले असेल तर साडेबारा मिलिलिटर द्यावे लागेल, दुसरे असेल तर फक्त ६ मिलिलिटर. कोणी बाटली न वाचता दुसऱ्या सिरपाचे साडेबारा मिलिलिटर दिले तर मुलाच्या पोटात ६२५ मिलिग्रॅम औषध जाईल, म्हणजे हव्या त्या मात्रेच्या दुपटीहून अधिक! औषध तेच, शुद्धताही तीच; चूक फक्त बाटली वाचण्यात झाली. ही चूक दुकानाच्या फळीवर अडवणारा माणूस म्हणजे फार्मासिस्ट. (हा हिशेब समजून घेण्यासाठी आहे. मात्रा नेहमी डॉक्टरांनीच ठरवायची असते.)

दोन सारखे दिसणारे द्रव

या दोघांपैकी कोणाचेही काम सैल पडले तर काय होते, याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९८६ च्या जानेवारी–फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली.

ग्लिसरॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल दोन्ही रंगहीन, दाट आणि चवीला गोड. डोळ्यांनी पाहून किंवा जिभेला लावून त्यांतील फरक कळत नाही. पण एक औषधात चालते आणि दुसरे मूत्रपिंडे निकामी करते. फरक कळतो तो प्रयोगशाळेतील परीक्षेनेच. क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतीने मिश्रणातील घटक वेगवेगळे केले की दुसऱ्या द्रवाची उपस्थिती उघड होते.

याच द्रव्याने १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक माणसांचे बळी घेतले होते. सल्फानिलामाइड हे औषध पाण्यात नीट विरघळत नव्हते. ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळते असे आढळले, आणि तसे द्रव औषध बाजारात गेले. रसायनाचा प्रश्न सुटला होता. पण ते द्रावक शरीरात गेल्यावर काय करील, हे तपासलेच गेले नव्हते. त्या घटनेनंतर १९३८ मध्ये तेथे नवा कायदा झाला आणि औषध विकण्याआधी त्याची सुरक्षितता दाखवणे बंधनकारक ठरले.

या दोन घटनांतून काय दिसते? "बाटलीत नेमके काय आहे?" हा रसायनशास्त्राचा प्रश्न. "ते शरीरात गेल्यावर काय होईल?" हा औषधनिर्माणशास्त्राचा प्रश्न. तुम्हांला यांतला कोणता प्रश्न अधिक ओढून घेतो, यावर तुमची वाट ठरावी.

वाटा कोठे फुटतात?

काही देशांत आधी महाविद्यालयात रसायन, जीवशास्त्र वगैरे विषय शिकून मग फार्मसीच्या शाळेत प्रवेश घेण्याची रीत आहे. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे बी.एससी. आणि बी.फार्म. या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या नसून बारावीलाच फुटणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बारावीनंतरचे मुख्य मार्ग असे :

१. बी.एससी. (रसायनशास्त्र) : तीन वर्षे, नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष केल्यास ऑनर्स. पुढे एम.एससी.

२. बी.फार्म. : चार वर्षे, आठ सत्रे. पुढे एम.फार्म.

३. डी.फार्म. : दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. पदविकाधारकाला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो.

४. फार्म.डी. : सहा वर्षे, त्यांतील शेवटचे वर्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाचे. हा अभ्यासक्रम भारतात २००८ च्या नियमांनी सुरू झाला.

आता "आधी बी.एससी., मग फार्मसी" या बेताचा हिशेब करा. बी.एससी. झालेल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट घेत नाहीत. त्याला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणजे ३ अधिक ४, एकूण ७ वर्षे. जो बारावीनंतर सरळ गेला त्याला ४. बी.एससी.च्या जोरावर एम.फार्म.लाही जाता येत नाही, त्यासाठी बी.फार्म.च हवे. शेतीच्या उत्पन्नावर मुलांना शिकवणाऱ्या घरात तीन वर्षांची फी आणि खोलीचे भाडे ही लहान गोष्ट नव्हे.

अकरावीत कोणते विषय घ्यावेत?

बी.फार्म.साठी बारावीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हवेतच. त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. महाराष्ट्रात या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. डी.फार्म.चा प्रवेश मात्र बारावीच्या गुणांवर होत आला आहे.

ज्यांचा निर्णय अजून झालेला नाही त्यांनी शक्य असल्यास गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. अभ्यास जास्त पडेल हे खरे. पण अभियांत्रिकीपासून औषधशास्त्रापर्यंत एकही दार बंद होत नाही. पीकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा २०० गुणांचा द्विलक्षी विषय घेण्याआधी मात्र थांबून विचार करा. तो घेतल्यावर गणित व जीवशास्त्र दोन्हींना सहसा जागा उरत नाही.

एकच विषय घेतला तरी घाबरण्याचे कारण नाही. बी.फार्म.च्या पहिल्या सत्रात, बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांना जीवशास्त्राची आणि गणित नसलेल्यांना गणिताची उजळणी करून देणारा विषय ठेवलेला आहे. ही सोय असण्याचे कारणही समजून घ्या. हृदय, यकृत, मूत्रपिंड कळल्याशिवाय औषध कळत नाही, आणि औषध शरीरातून किती वेगाने कमी होते हे मोजायला घातांक व लॉगरिथम लागतात.

महाविद्यालयात काय शिकाल?

दोन्ही अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षी असेंद्रिय आणि सेंद्रिय रसायनशास्त्र असते, म्हणून ते सारखे वाटतात. फरक पुढे वाढत जातो.

बी.एससी.त अणूची रचना, रासायनिक बंध, ऊष्मागतिकी, अभिक्रियांचा वेग, सेंद्रिय संश्लेषण, वर्णपटमिती हे विषय खोलात जाऊन शिकतात. भौतिक रसायनासाठी गणिताची बैठक लागते. औषध उद्योगाकडे वळायचे असेल तर रसायनाच्या जोडीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेणे उपयोगी पडते. उपकरणांची आवड असेल तर भौतिकशास्त्र घ्यावे. आणि कोणताही विषय घ्या, विश्लेषणात्मक रसायन व प्रात्यक्षिके यांत हयगय करू नका. ज्याला अनुमापन अचूक करता येते त्याला पुढची मोठी उपकरणेही लवकर समजतात.

बी.फार्म.मध्ये पहिल्याच सत्रात रसायनाबरोबर मानवी शरीररचना व शरीरक्रिया सुरू होते. पुढे जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधी रसायन, औषधक्रियाशास्त्र, औषधी वनस्पतींचा अभ्यास, औषधविषयक कायदे, गोळ्या-सिरपे-इंजेक्शने बनवण्याचे तंत्र असे विषय येतात. येथे रसायनशास्त्र भरपूर आहे. पण ते अनेक विषयांपैकी एक आहे. ज्याला रसायनाशिवाय दुसरे काहीच वाचावेसे वाटत नाही त्याने हे आधीच जाणून घ्यावे.

या शिक्षणासाठी आता दूर जावेच लागते असे नाही. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून चालू आहे. इंदापूरला कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. माळेगाव बुद्रुक येथे शिवनगर विद्या प्रसारक मंडळाचे फार्मसी महाविद्यालय आहे. म्हणजे ज्या गावात मळी निघते त्याच गावात गोळी बनवण्याचे शिक्षणही मिळते!

कायदा काय सांगतो?

पदवीनंतर कोणते काम करता येईल, हे पुष्कळदा कायद्याने ठरलेले असते. ते प्रवेशाआधी माहीत हवे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून देण्याचे किंवा देण्याचे काम १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे. ही नोंदणी डी.फार्म., बी.फार्म. किंवा फार्म.डी. झालेल्यांना मिळते, आणि त्यासाठी त्यांची संस्था भारतीय फार्मसी परिषदेने मान्य केलेली असावी लागते. रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या बी.एससी. पदवीधरालाही औषधाच्या दुकानाची ही जबाबदारी घेता येत नाही. म्हणून कोणत्याही फार्मसी महाविद्यालयाची पायरी चढताना पहिला प्रश्न मान्यतेचा विचारा.

कारखान्यात मात्र चित्र वेगळे आहे. औषधांचे उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली चालते त्या तज्ज्ञाची पात्रता १९४५ च्या औषध नियमांत दिली आहे. फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी औषध उत्पादनाचा १८ महिन्यांचा अनुभव लागतो. रसायनशास्त्र हा प्रमुख विषय घेऊन विज्ञानाचा पदवीधर झालेल्याला तीन वर्षांचा. शिक्षण आणि अनुभव मिळून बेरीज करा : एकाची साडेपाच वर्षे, दुसऱ्याची सहा. फरक अवघ्या सहा महिन्यांचा! तेव्हा "बी.एससी. केले तर औषधाच्या धंद्यात जागा नाही" हेही खरे नव्हे. औषध बनवण्याचे आणि तपासण्याचे दार रसायनवाल्याला उघडे आहे. औषध रुग्णाच्या हाती देण्याचे दार तेवढे बंद आहे.

मग ठरवायचे कसे?

स्वतःला तीन प्रश्न विचारा. नवे संयुग बनवण्यात अधिक आनंद वाटतो, की त्याचा शरीरावर होणारा परिणाम समजून घेण्यात? दिवसाचे काम प्रयोगशाळेत उपकरणांसोबत आवडेल, की माणसांसोबतही? आणि घरची परिस्थिती पाहता कमाई किती वर्षांत सुरू व्हायला हवी? लवकर मिळवते व्हायचे असेल तर डी.फार्म. करून नोंदणी मिळवणे आणि जमेल तेव्हा बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात जाणे, हा पाच वर्षांचा मार्गही सन्मानाचा आहे. संशोधनाची ओढ असेल तर बी.एससी., एम.एससी. आणि पुढे पीएच.डी. हा मार्ग आहे. त्याला वेळ लागतो, पण त्या वाटेवर रसायनशास्त्र शेवटपर्यंत सोबत राहते.

शिक्षकांना एक विनंती. नववी-दहावीच्या मुलांना एकदा औषधाच्या दुकानात नेऊन फार्मासिस्टशी आणि एकदा महाविद्यालयाच्या रसायनशाळेत नेऊन तेथील शिक्षकांशी बोलू द्या. हजार माहितीपत्रकांनी जे कळत नाही ते त्या दोन भेटींत कळेल. प्रवेशाचे नियम मात्र त्या त्या वर्षीच्या अधिकृत पुस्तिकेतूनच पडताळून घ्यावेत. ते बदलत असतात.

स्वाध्याय

१. ५४.५ ग्रॅम पॅरा-ॲमिनोफिनॉलपासून जास्तीत जास्त किती पॅरॅसिटॅमॉल मिळेल? त्याच्या ५०० मिलिग्रॅमच्या किती गोळ्या होतील?

२. १६ किलो वजनाच्या मुलाला दर किलोमागे १५ मिलिग्रॅम औषध सांगितले आहे. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेले सिरप किती द्यावे लागेल?

३. डी.फार्म. करून मग बी.फार्म. करणाऱ्याला आणि बी.एससी. करून मग बी.फार्म. करणाऱ्याला, बारावीनंतर प्रत्येकी किती वर्षे लागतील?

४. घरातील कोणत्याही औषधाचे वेष्टन मोठ्या माणसांसमोर वाचा. औषधाचे नाव, एका मात्रेतील प्रमाण आणि मुदत संपण्याची तारीख वहीत लिहा. त्यांपैकी कोणती माहिती रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून आली असेल आणि कोणती फार्मासिस्टच्या, याची वर्गात चर्चा करा.

उत्तरे : (१) ७५.५ ग्रॅम, १५१ गोळ्या. (२) १० मिलिलिटर. (३) ५ वर्षे, ७ वर्षे.